जपानी उपकरण २३० व्होल्टच्या घरात: प्लग लावण्याआधी आणि लावल्यावर

या विषयात एकच चूक पुन्हा पुन्हा होते. जपानहून आलेल्या वस्तूच्या दोन चपट्या पिना इथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून माणूस पिन बदलणारा ॲडॉप्टर आणतो. पिन बसते, बटण दाबलं जातं आणि आतून ‘फट्’ असा आवाज येतो. पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते, जगातल्या बऱ्याच देशांत २२० ते २४० व्होल्टची. पिन ॲडॉप्टर फक्त पितळेचा आकार बदलतो. आतून येणारी वीज तीच राहते.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. तिसरा टप्पा आधी आणि पहिला नंतर केल्याने जळालेल्या वस्तू मी बऱ्याच पाहिल्यात.

टप्पा १: वस्तू बाजूला ठेवा, आधी पाटी वाचा

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाशी एक छापील पाटी असते. मजकूर जपानी असला तरी आकडे आणि एककांची रोमन अक्षरं सगळीकडे सारखीच असतात. त्यातून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: व्होल्ट, हर्ट्‌झ, वॅट किंवा ॲम्पियर, आणि वीज थेट उपकरणात जाते की मधे वेगळा पॉवर ॲडॉप्टर आहे. उरलेल्या मजकुरासाठी फोनच्या कॅमेऱ्यातलं भाषांतर पुरतं. त्यात ‘फक्त जपानमध्ये वापरासाठी’ अशा अर्थाचं वाक्य निघालं, तर ते औपचारिक समजून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ शब्दशः १०० व्होल्ट असाच असतो.

पाटीवरच्या व्होल्टच्या आकड्यावरून तीन वाटा फुटतात.

‘१००–२४०’ असा पल्ला छापलेला असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर, फोनचे चार्जर बहुतेक या वर्गात येतात. यांनी थेट टप्पा २ वाचावा आणि मग टप्पा ७ मधली वायरची गोष्ट.

नुसतं ‘१००’ असेल तर ट्रान्सफॉर्मर लागणारच. वस्तू किती महाग, किती नवी, कोणत्या कंपनीची, याने काही फरक पडत नाही.

मागे व्होल्टेज निवडण्याचा खटका असेल, तर वायर काढलेली असताना तो बरोबर आकड्यावर आणा, आणि तिथे खरोखर २२० किंवा २४० लिहिलंय ना ते बघा. काही खटके फक्त १०० आणि १२० यांतच फिरतात. खटका दिसला म्हणजे काम झालं, असं समजून गाफील राहू नका.

*तपासा:* एका खोक्यातून आलेल्या प्रत्येक भागाची पाटी वेगळी वाचली का? शिलाई मशीनचं पायाचं पेडल, स्पीकर संचातला सबवूफर, चार्जिंगचा स्टँड यांच्या पाट्या वेगळ्या असतात. मुख्य वस्तू १००–२४० ची आणि सोबतची फक्त १०० ची, असं होतं.

*सावधान:* हिऱ्याच्या आकारात किंवा वर्तुळात ‘पीएसई’ अक्षरं असलेला शिक्का जपानच्या विद्युत सुरक्षा कायद्याखालचा आहे. तुमच्या भिंतीतल्या व्होल्टेजबद्दल तो काहीही सांगत नाही.

टप्पा २: वेगळा पॉवर ॲडॉप्टर असेल तर

हा सोपा मार्ग आहे, पण यातही लोक अडखळतात. उपकरणाला जर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज लागत असेल, तर जपानी ॲडॉप्टर ट्रान्सफॉर्मरवर चालवण्यापेक्षा तोच व्होल्टेज देणारा इथला ॲडॉप्टर घेणं बरं. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: आउटपुट डीसी आहे की एसी (भिंतीतल्यासारखी दिशा पालटणारी), व्होल्ट नेमके तेवढेच, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची ध्रुवता, म्हणजे धन कुठे आणि ऋण कुठे.

चौथी गोष्ट घात करते. गोल पिनेच्या मधल्या भोकात बहुतेक ठिकाणी धन असतं, पण कित्येक जपानी उपकरणांत तिथे ऋण असतं. निन्तेन्दोच्या जुन्या फॅमिकॉम या गेम कन्सोलचा ॲडॉप्टर डीसी १० व्होल्ट, ८५० मिलिॲम्पियर आणि मध्यभागी ऋण असा आहे; गिटारच्या इफेक्ट पेडलांतही मध्य-ऋण हीच पद्धत. पाटीवर दोन लहान वर्तुळं आणि मधे एक ठिपका व त्याभोवती अर्धगोल अशी खूण असते. मधल्या ठिपक्याला जोडलेलं चिन्ह वजा आहे की अधिक, ते भिंग लावून बघा. जाडी आणि लांबी जुळली म्हणून पिन घुसवू नका.

टप्पा ३: ही वस्तू चालवायची का, हे ठरवा

ट्रान्सफॉर्मर विकत घेण्याच्या आधीचा हा निर्णय आहे.

उष्णता तयार करणारी उपकरणं आधी वगळा. हेअर ड्रायर, इस्त्री, टोस्टर, पाण्याची केटल, कोतात्सूचा (पांघरूण घातलेल्या जपानी बैठ्या टेबलाचा) हीटर, मोठा इंडक्शन राइस कुकर. जपानमधलं साधं सॉकेट १५ ॲम्पियरचं असतं, त्यामुळे ही उपकरणं कमाल १५०० वॅटपर्यंतची असतात आणि बरीच १२०० च्या आसपास. १२०० वॅट सतत पुरवायचे तर ट्रान्सफॉर्मर दीड-दोन हजार व्हीएचा (व्होल्ट गुणिले ॲम्पियर) लागतो. तो जड असतो, तापतो, जागा खातो आणि त्याच्या किमतीत इथल्या व्होल्टेजचं नवं उपकरण येतं. हौस म्हणून करायचं असेल तर करा. माझं मत विचाराल तर करू नका.

हीटर थेट २३० वर लावला तर काय होतं ते एकदा गणितात बघा. वॅट हे व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतात. २.३ चा वर्ग ५.२९. म्हणजे १००० वॅटची तार सुमारे ५३०० वॅट ओढायला बघते, आणि १० ॲम्पियरच्या जागी २३ ॲम्पियर वाहतात. एमसीबी पडली तर नशीब, नाही तर तार वितळते.

फ्रीज, वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर यांनाही माझा नकारच. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते, आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर उगाच मोठा घ्यावा लागतो.

ॲम्प्लिफायर, सिंथेसायझर, टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर), गेम कन्सोल, शिलाई मशीन, टेप डेक या वस्तू मात्र खटपट करण्याजोग्या आहेत.

टप्पा ४: हर्ट्‌झ बघा, कारण ट्रान्सफॉर्मर ते बदलत नाही

फ्रिक्वेन्सी म्हणजे एसी वीज सेकंदाला किती हेलकावे घेते तो आकडा. जपानमध्ये अशा दोन फ्रिक्वेन्सी आहेत. तोक्यो आणि पूर्वेकडे ५० हर्ट्‌झ, ओसाका आणि पश्चिमेकडे ६०. सरहद्द ढोबळमानाने शिझुओकातल्या फुजी नदीपासून निइगातातल्या इतोइगावापर्यंत जाते. त्यामुळे बहुतेक जपानी वस्तू ‘५०/६०’ छापूनच येतात आणि कुठेही चालतात. अडचण फक्त ‘६०’ किंवा फक्त ‘५०’ छापलेल्या वस्तूंची आहे.

एसी मोटरवर फिरणारं जुनं टर्नटेबल ६० हर्ट्‌झच्या जोडणीत असेल आणि तुम्ही ते ५० वर लावलंत, तर गती ५/६ होते. ३३⅓ फेऱ्यांच्या जागी मिनिटाला जेमतेम २७.८. गाणारा माणूस झोपेतून उठल्यासारखा वाटतो. उलट बाजूला, ५० चं यंत्र ६० वर लावलं तर २० टक्के जलद. काही यंत्रांत मोटरच्या दांड्यावरची पुली बदलून हे दुरुस्त होतं, काहींत आत खटका असतो. क्वार्ट्‌झ-लॉक डायरेक्ट ड्राइव्ह यंत्राची गती आतला स्फटिक ठरवतो, त्यामुळे त्याला भिंतीतल्या फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नसतं.

गती बिघडली तर निदान कानाला कळतं. फक्त ६० साठी बनवलेला लोखंडी ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला, तर त्याचा गाभा संपृक्त होऊन (आणखी चुंबकत्व न पेलवून) तो गप्प बसून तापत राहतो. जुने, इन्व्हर्टर नसलेले मायक्रोवेव्ह याचं ठळक उदाहरण.

*तपासा:* पाटीवर तुमच्याकडची फ्रिक्वेन्सी छापलेली नसेल आणि पुलीचा किंवा खटक्याचा इलाजही नसेल, तर इथेच थांबा. पुढचे टप्पे त्या वस्तूसाठी नाहीत.

टप्पा ५: ट्रान्सफॉर्मर निवडा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सावकाश.

*आउटपुट १०० व्होल्टच हवं, ११० नाही.* ‘जपान-अमेरिका दोन्हींसाठी’ म्हणून ११० चा ट्रान्सफॉर्मर सर्रास गळ्यात मारला जातो. जपानमध्ये घरी येणारी वीज १०१ व्होल्ट, ६ कमी-जास्त, म्हणजे ९५ ते १०७ या हद्दीत राखायची असते. उपकरण त्या हद्दीसाठी बनलेलं आहे. २३० ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर, भिंतीत २४० आले की ११५ देतो आणि २५० आले की सुमारे १२०. साध्या हीटरला ११० म्हणजेच २१ टक्के जास्त वॅट. उपकरण लगेच जळत नाही. पण रेग्युलेटर तापतात, वीज साठवणारे कॅपॅसिटर लवकर सुकतात, आणि दोन वर्षांनी ‘जपानी माल पूर्वीसारखा राहिला नाही’ असं आपणच म्हणतो.

*हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर घेऊ नका.* तळहातावर मावणारा, ‘२००० वॅट’ लिहिलेला हा डबा प्रवासात ड्रायरसाठी बनलेला असतो. तो व्होल्टेज खऱ्या अर्थाने उतरवत नाही, लाटेचे तुकडे कापतो. सरासरी १०० च्या आसपास आली तरी लाटेचं टोक अडीचशेच्याही वर जातं. तारेच्या हीटरला ते चालतं. इलेक्ट्रॉनिक्समधला कॅपॅसिटर मात्र नेमका टोकापर्यंत भरतो, आणि सरासरीवर विसंबलेला मालक फसतो. खऱ्या ट्रान्सफॉर्मरची ओळख सोपी: तो वजनदार असतो. ५०० व्हीएचा उचलताना हाताला जाणवलाच पाहिजे.

*ऑटो की आयसोलेशन?* ऑटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग (तारेचं वेटोळं) असतं आणि त्याला मधून फाटा काढलेला असतो. तो स्वस्त आणि आटोपशीर असतो, पण दोन दोष घेऊन येतो. आउटपुट भिंतीतल्या विजेपासून विलग नसतं. आणि वाइंडिंगचा खालचा, सामाईक भाग तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट वरच्या भागातून थेट उपकरणाकडे येतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेगळी वाइंडिंग असतात, त्यामुळे असं होत नाही. जुन्या, महाग किंवा धातूची पेटी असलेल्या उपकरणासाठी मी आयसोलेशनचाच धरतो.

*तपासा:* दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. ट्रान्सफॉर्मर भिंतीपासून पूर्ण सुटा असताना मल्टिमीटर (व्होल्ट, रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) ओह्मवर ठेवा. एक टोक इनपुटच्या पिनेला, दुसरं आउटपुटच्या भोकात. बटण असेल तर ते चालू स्थितीत ठेवा. रेझिस्टन्स दिसला तर ऑटो. चारही जोड्यांत काहीच दिसलं नाही तर आयसोलेशन.

*क्षमता किती?* पाटीवर ॲम्पियर असतील तर त्यांना १०० ने गुणा, व्हीए मिळतात. फक्त वॅट असतील तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी दीडपट ते दुप्पट धरा, मोटर असलेल्या वस्तूला तिप्पट, साध्या हीटरला सव्वापट. ॲम्प्लिफायरच्या पाटीवरचा आकडा पूर्ण आवाजातला नसतो, म्हणून तिथे हात सैल ठेवा. क्षमता गरजेपेक्षा थोडी जास्त असलेली चांगली, पण कितीतरी पट जास्तही नको. मोठा ट्रान्सफॉर्मर, विशेषतः गोल टोरॉइडल, चालू करतानाच इतका करंट ओढतो की एमसीबी पडते.

टप्पा ६: पहिल्यांदा चालू करणं

क्रम असा, आणि यात घाई नाही.

१. उपकरण लांब ठेवा. ट्रान्सफॉर्मर एकटा भिंतीत लावा आणि चालू करा.

२. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा, आणि त्याच वेळी भिंतीतलं व्होल्टेजही लिहून ठेवा. छोटे ट्रान्सफॉर्मर विनाभार, म्हणजे पुढे काही जोडलेलं नसताना, ५ ते १० टक्के जास्त दाखवतात, त्यामुळे १०५ दिसले म्हणून घाबरू नका. ११० च्या वर दिसले तर पुढे जाऊ नका. आणि दोन्हीकडे २३० दिसले, तर तुमच्या हातात १०० च्या नावाची रिकामी पेटी आहे. हसू नका, असं घडलेलं मी पाहिलंय.

३. अर्धा तास तसाच ठेवा. कोमट होणं, हलकं गुणगुणणं ठीक. हात टेकवत नाही इतका तापला, वार्निशचा वास आला किंवा मोठ्याने घरघरला, तर परत करा.

४. ट्रान्सफॉर्मर बंद करा. उपकरणाचं बटण बंद असल्याची खात्री करून प्लग ट्रान्सफॉर्मरमध्ये लावा. मग भिंत, मग ट्रान्सफॉर्मर, शेवटी उपकरण.

५. पहिली १५ मिनिटं जवळच थांबा. वास, आवाज आणि तापमान, तिन्हीकडे लक्ष ठेवा. तासाभराने आउटपुट पुन्हा मोजा. भाराखाली ९५ ते १०७ मधे असलं की झालं.

*सावधान:* जपानी लिलाव-संकेतस्थळांवर ‘जंक’ वर्गातला माल न तपासता, आहे तसा विकला जातो. अशी वस्तू वर्षानुवर्षं बंद असू शकते. ती पहिल्यांदा जाणकार दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर, भिंतीकडच्या बाजूला मालिकेत तारेचा बल्ब जोडून चालू करावी. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, उपकरण वाचतं.

टप्पा ७: वायर, बोर्ड आणि अर्थिंग

१००–२४० वाल्या लॅपटॉपच्या विटेकडे (चार्जरच्या ठोकळ्याकडे) सगळे बघतात, तिला जोडलेल्या वायरकडे कुणी बघत नाही. जपानी वायरच्या प्लगवर बारीक अक्षरांत ‘७ ॲम्पियर, १२५ व्होल्ट’ असं कोरलेलं असतं. वीट २३० साठी आहे, वायर नाही. विटेकडचं टोक प्रमाणित आकाराचं असतं, आठच्या आकड्यासारखं किंवा तीन पाकळ्यांचं. त्याच टोकाची २५० व्होल्टची इथली वायर घ्या. पिन ॲडॉप्टरची कटकटही सुटते.

जपानी एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीत कधीच लावायचा नाही. त्यात सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची उसळी अडवणारा भाग) असेल तर तो २३० वर लगेच फुटतो. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, १०० व्होल्टच्या बाजूला तो चालतो. सगळ्या वस्तूंची बेरीज ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेत बसली पाहिजे, एवढंच.

जपानी प्लग बहुधा दोन पिनांचाच असतो. ज्या वस्तूला अर्थिंग लागतं तिच्या वायरीतून एक हिरवी तार वेगळी बाहेर लोंबते, कारण तिकडे ती सॉकेटखालच्या स्क्रूला जोडतात. ही तार गुंडाळून टेप लावून टाकणं ही नेहमीची चूक. ती ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ टर्मिनलला जोडा, आणि ट्रान्सफॉर्मरचा इनपुट तीन पिनांचा आहे ना ते बघा. पाण्याच्या, गॅसच्या पाइपला ती बांधायची नाही.

टप्पा ८: दुसऱ्या कुणाच्या हाती प्लग गेला तर

पहिल्या दिवशी सगळे सावध असतात. वस्तू जळते ती आठ महिन्यांनी, घर आवरताना.

माझा डीव्हीडी रेकॉर्डर असाच गेला. मी बाहेर होतो, भाच्याने टीव्हीचं कपाट सरकवलं आणि ‘हा जड डबा कशाला मधे’ म्हणून ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवला. बहुउपयोगी सॉकेटमध्ये चपट्या पिना मुकाट बसल्या. मी आलो तेव्हा खोलीत मासळी आणि जळक्या प्लास्टिकच्या मधला वास होता. झाकण उघडल्यावर दिसलं ते असं: निळी चकती, म्हणजे जादा व्होल्टेज अडवणारा व्हॅरिस्टर, मधोमध तडकून काळी, शेजारच्या काचेच्या फ्यूजला आतून चंदेरी काजळी, आणि मोठ्या कॅपॅसिटरचं डोकं फुगून फुललेलं. त्याच्या अंगावर ‘२०० व्होल्ट’ छापलं होतं. १०० व्होल्ट एसीचं टोक १४१ असतं, तिथे २०० पुरतात. २३० चं टोक ३२५.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूला तीन गोष्टी करतो. प्लगजवळ लाल टेप लावून त्यावर जाड पेनाने ‘फक्त १०० व्होल्ट, भिंतीत लावू नका’. प्लग ट्रान्सफॉर्मरला प्लॅस्टिकच्या केबल-टायने बांधून टाकतो, म्हणजे काढायला कात्री शोधावी लागते आणि तेवढ्यात माणूस विचार करतो. आणि घरात कुणालाही जपानी पिना कापून इथला प्लग बसवू देत नाही. सोयीसाठी इलेक्ट्रिशियन हे आनंदाने करून देतात, आणि मग ते उपकरण घरातल्या प्रत्येक सॉकेटमध्ये जळायला मोकळं होतं.

वापर झाला की ट्रान्सफॉर्मर भिंतीतूनच बंद करा. उपकरण बंद असलं तरी तो थोडी वीज खातो आणि कोमट राहतो. घड्याळाच्या आणि स्टेशनांच्या नोंदी जातील, त्या जाऊ द्या. स्टेशनांचं म्हणाल तर जपानी एफएम ७६ ते ९५ मेगाहर्ट्‌झमध्ये असल्याने तुमचा रेडिओ अर्धाच उपयोगी आहे. त्यावर ट्रान्सफॉर्मरकडे इलाज नाही.

१२० व्होल्टच्या घरात राहत असाल तर

तिथे लोक बिनधास्त थेट लावतात, कारण पिनही बसते आणि वस्तू चालतेही. पण १२० म्हणजे २० टक्के जास्त व्होल्टेज, आणि तारेच्या हीटरला ४४ टक्के जास्त वॅट. १२० ते १०० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो घ्या. वरचे बाकी सगळे टप्पे तसेच.

चुकून थेट २३० वर लागलंच तर

भिंतीतलं बटण बंद करा, मग प्लग काढा. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून पुन्हा लावू नका. पहिल्या धक्क्यात बहुधा फ्यूज आणि व्हॅरिस्टर गेलेले असतात, दुसऱ्यात पुढचं सर्किट जातं. झाकण उघडू नका, मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. नुसता फ्यूज बदलू नका: व्हॅरिस्टर शॉर्ट असेल तर नवा फ्यूजही उडेल, आणि मोठ्या ॲम्पियरचा फ्यूज किंवा तार घातली तर आग लागेल. दुरुस्तीवाल्याला काय झालं ते खरं सांगा, ‘आपोआप बंद पडला’ असं नको. त्याचा अर्धा दिवस वाचतो.

माझ्या रेकॉर्डरला एक व्हॅरिस्टर, एक फ्यूज आणि एक कॅपॅसिटर लागला. तो अजून चालतो, केबल-टायने बांधलेला.